मेडिकलमधल्या चक्करेच्या गोळ्या: कुठली कामाची, कुठली वाया

रत्नागिरी असो, देवगड असो की गुहागर, मेडिकलच्या काउंटरवर "चक्करेवर काहीतरी द्या" म्हटलं की यांतलंच काहीतरी हातात पडतं: व्हर्टिन, स्टुजेरॉन, स्टेमेटिल, नाहीतर अ‍ॅवोमिन. चारही गोळ्यांची कामं वेगळी आहेत. आणि परत परत चक्कर येणाऱ्यांत सगळ्यांत जास्त आढळतो त्या प्रकारावर चारांपैकी एकीचाही उपयोग नाही.

म्हणून गोळी निवडण्याआधी घड्याळ बघायचं. कूस बदलताना, उठून बसताना किंवा मान वर करताना घर गरगर फिरतं आणि मिनिटाभराच्या आत थांबतं, तर तो बीपीपीव्ही, म्हणजे वर सांगितलेला सगळ्यांत जास्त आढळणारा प्रकार. वीस मिनिटं ते बारा तास टिकते, सोबत एका कानात गूं आवाज, दडा, कमी ऐकू येणं, तर मेनियर या आतल्या कानाच्या आजाराचा संशय घ्यायचा. आधीपासून अर्धशिशी असेल तर पाच मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंतची चक्कर त्यातलीही असू शकते. उभं राहिल्यावर नुसतं डोळ्यांपुढे अंधारत असेल तर आधी रक्तदाब मोजा, ते या गोळ्यांचं कामच नव्हे.

बीपीपीव्हीमध्ये आतल्या कानातले कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. गोळी कणांना परत जागेवर नेत नाही. शिवाय पोटातून रक्तात उतरायला तिला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर झटका कधीच संपलेला असतो. एप्रिल-मेमध्ये झेल्याने आंबे उतरवताना तासभर मान वर करणाऱ्यांना हा त्रास जाणवू शकतो, आणि त्याच वेळी खिशात स्टुजेरॉनची पट्टी असते. निव्वळ वाया. झाडावर चढणाऱ्याने तर त्या गोळीची गुंगी अंगावर घेऊन चढूच नये.

याचा खरा इलाज फुकट आहे. अमेरिकन डॉक्टर जॉन एप्ली यांची ही कृती. पहिल्या वेळी कान-नाक-घसा डॉक्टरांकडून करून घ्यावी, कारण कुठला कान आणि कुठली नळी हे डोळ्यांच्या हालचालीवरून तेच ठरवतात. उजवा कान असेल तर पलंगावर पाय लांब करून बसा, पाठीमागे उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती खांद्यांखाली येईल. मान उजवीकडे ४५ अंश वळवा. तशीच ठेवून झटकन उताणे व्हा, डोकं उशीपलीकडे साधारण २० अंश खाली झुकलं पाहिजे. गरगर थांबल्यावरही अर्धा मिनिट थांबा. मग डोकं न उचलता डावीकडे ९० अंश फिरवा, पुन्हा अर्धा ते एक मिनिट. मग सगळं अंग डाव्या कुशीवर घ्या, नाक गादीकडे, पुन्हा तेवढाच वेळ. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून त्याच कुशीवरून उठून बसा आणि दहा मिनिटं हलू नका. डाव्या कानासाठी सगळं उलट.

फसतं ते बहुतेक उशीपाशी. कापसाची जाड उशी डोक्याखाली घेतली की डोकं मागे झुकण्याऐवजी वर येतं आणि कण तिथेच राहतात. दुसरी चूक घाईची: चक्कर सुरू झाली की माणूस घाबरून उठून बसतो. आणि दोनतीनदा नीट करूनही फरक नसेल तर कण आडव्या नळीत असू शकतात, तिची कृती वेगळी आहे, हीच रेटत बसू नये. मानेच्या मणक्याचा त्रास, डोळ्याच्या पडद्याचं नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा मानेच्या रक्तवाहिनीत अडथळा असेल तर घरी करूच नका. नंतर दोन रात्री बसून झोपायचा जुना सल्ला अजून दिला जातो, त्याची गरज नाही.

स्टेमेटिल (प्रोक्लोरपेराझिन ५ मिग्रॅ) उपयोगाची आहे, पण मोजकीच. तासन्‌तास चाललेला झटका आणि उलट्या, किंवा एप्ली करताना मळमळणाऱ्याला अर्धा तास आधी, एवढंच तिचं काम. दोनतीन दिवसांवर जाऊ नये. जबडा आवळणं, मान वाकडी होणं, आतून अस्वस्थ होऊन बसवत नाही असं झालं तर ती गोळीचीच करणी, लगेच बंद करून डॉक्टरांना कळवा. तोंडात विरघळणारी गोळी उलट्यांत सोयीची, पण पावसाळ्यात पट्टीतून काढून डबीत ठेवलीत की मऊ पडते.

स्टुजेरॉन (सिनारिझिन २५ मिग्रॅ) स्वस्त, म्हणून महिनोन्‌महिने घेतली जाते. हीच तिच्याबद्दलची आमची मुख्य तक्रार. मेंदूला नव्या तोलाशी जुळवून घ्यायचं असतं, ते काम ही गुंगी लांबवते. आणि म्हाताऱ्या माणसांत दीर्घकाळ घेतल्यास हात थरथरणं, चाल मंदावणं असं कंपवातासारखं चित्र दिसू शकतं. आजोबांच्या डब्यात वर्षभर ही पट्टी दिसली तर डॉक्टरांना विचारून थांबवा.

व्हर्टिन (बीटाहिस्टिन ८, १६, २४ मिग्रॅ) मेनियरसाठी लिहितात, दिवसाला एकूण ४८ मिग्रॅपर्यंत, जेवणानंतर. गुंगी आणत नाही हा मोठा गुण. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत मेनियरच्या झटक्यांवर ती आणि नुसती साखरेची गोळी यांत फरक दिसला नाही. तरी डॉक्टरांनी दिली असेल तर दोनतीन महिने झटके वहीत टिपून बघा. संख्या घटली नाही तर पैसे वाचवा. दमा किंवा पोटात अल्सर असेल तर आधी सांगा. मेनियरवाल्यांनी मिठाकडेही बघावं: सुका बांगडा, सुकट, लोणचं, पापड, खारातल्या मिरच्या, सगळं एकाच ताटात आलं की दिवसाची मर्यादा जेवणातच संपते.

अ‍ॅवोमिन घाटासाठी आणि बोटीसाठी. आंबा घाट किंवा करूळ चढायचा असेल तर निघण्याआधी एक-दोन तास २५ मिग्रॅची एक, लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री. काचबिंदू किंवा प्रोस्टेटवाल्यांनी विचारून. गाडी चालवणाऱ्याने अजिबात नाही.

बीपीपीव्ही परत परत होत असेल तर ड जीवनसत्त्व तपासा. रक्तात मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खाली असणाऱ्यांत ते भरून काढल्यावर पुनरावृत्ती कमी झाल्याचं कोरियातल्या २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसलं. या सगळ्या पट्ट्यांपेक्षा तो खर्च बरा.

आणि चक्करेबरोबर बोबडी वळली, दोन दोन दिसलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, आधार देऊनही उभं राहवेना, तर तो पक्षाघात (मेंदूचा झटका) असू शकतो, कुठलीही गोळी न देता १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि आडगावातून रत्नागिरी किंवा ओरोस गाठण्यात त्यातला बराच वेळ जातो. पहिल्या दिवशीचा सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणून घरी परतायची घाई करू नका. मेंदूच्या मागच्या भागातला झटका त्यात बऱ्याचदा दिसत नाही.