कोळशाची गाडी ब्लू रिजवर चढवायची: क्लास ए की वाय६बी?

रेल्वे सिम्युलेटरवर वाफेच्या इंजिनाने कोळसा ओढायचा म्हटलं की अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेचा ब्लू रिज चढ हमखास समोर येतो. लॅम्बर्ट्स पॉइंट बंदराकडे निघालेला कोळसा रोनोक शहर सोडल्यावर याच चढावरून जायचा. चढ १.२ टक्के, म्हणजे साधारण १:८३. आपल्या भोर घाटाच्या १:३७ पुढे आकडा किरकोळ वाटतो, पण मागे शंभरेक भरलेले हॉपर, म्हणजे कोळशाचे डबे, असले की तोच चढ संपता संपत नाही. मग प्रश्न उरतो पुढे कोणतं इंजिन लावायचं याचा. क्लास ए आणि वाय६बी ही दोन्ही वाफेची इंजिनं रोनोकच्याच कारखान्यात बांधलेली, आणि दोन्ही मनापासून आवडावीत अशी.

आधी क्लास ए. चाकं ७० इंची, त्यामुळे एकदा वेग धरला की त्याच्यासारखी मजा नाही. सपाटीवर ते जड गाडी घेऊन ज्या सहजतेने पळतं, ती वाय६बीकडे नाही. चढाच्या पायथ्याशी हिरवा सिग्नल मिळाला आणि वेग घेऊनच वर शिरता आलं, तर ए उत्तम काम करतं. खुद्द रेल्वेही ब्लू रिजवर पुढे ए आणि मागे वाय६ लावायची.

माझं गाडं अडलं ते अर्ध्या चढावर लाल सिग्नल लागल्यावर. ब्रेक सोडले, पकडीसाठी रुळांवर वाळू सोडली, दिशेचा दांडा (रिव्हर्सर) पूर्ण पुढे, वाफ सोडणारा रेग्युलेटर अगदी हलक्या हाताने उघडला, तरी पुढची चाकं सटकतात आणि जागच्या जागी फिरत राहतात. ए मध्ये पुढच्या-मागच्या दोन्ही सिलिंडर-जोड्यांना थेट बॉयलरची वाफ मिळते, म्हणून सुटलेली चाकं आपणहून सावरत नाहीत. रेग्युलेटर बंद करावाच लागतो. तो बंद केला की गाडी मागे रेलते, डबे जोडणारे कपलर ताणले जातात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दरम्यान चिमणीतून धडाधड गेलेल्या वाफेने भट्टीतला विस्तव ओढला गेलेला असतो आणि दाबाचा काटा उतरायला लागतो. पावसाचं हवामान निवडलं असेल तर विचारूच नका. चढावर थांबून पुन्हा निघणं हाच या खेळाचा प्राण आहे असं मला वाटतं, आणि तिथेच माझा जीव मेटाकुटीला यायचा.

वाय६बी कंपाउंड आहे. वाफ आधी मागच्या लहान सिलिंडरांत काम करते, मग तीच पुढच्या मोठ्या सिलिंडरांत. मागची चाकं सटकली तर मधल्या नळीत दाब साठतो आणि त्यांना आवर बसतो. पुढची सटकली तर तो दाब संपतो आणि ती आपोआप शांत होतात. निघताना सिंपलवर, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना थेट बॉयलरची वाफ देऊन, सुमारे १,५२,००० पौंडांचं बळ मिळतं, गाडी हलली की कंपाउंडवर घ्यायचं. तिथेही १,२७,००० च्या आसपास, आणि ए चं १,१४,०००. बदल केला की आवाज भरदार आणि संथ होतो, आणि माणूस चालत जाईल त्या वेगानेही गाडी न कुरकुरता वर सरकत राहते. एकच वाफ दोनदा वापरल्यामुळे पाण्याचीही चिंता कमी. शेवटचं वाय६बी १९५२ मध्ये बाहेर पडलं, बाकीच्या रेल्वे डिझेलमागे लागल्या होत्या तेव्हा. चढावर ते चालवलं की या रेल्वेने एवढा हट्ट का धरला असेल ते कळतं.

अर्थात, हे सगळं मी ओपन रेल्स या सिम्युलेटरवर, अ‍ॅडहेजनचं (चाकांच्या रुळावरच्या पकडीचं) सविस्तर गणित चालू ठेवून सांगतोय. साधा पर्याय ठेवलात तर फरक बराच पुसट होईल. मॉडेल कोणी किती मेहनतीने बनवलंय यावरही पुष्कळ अवलंबून आहे. काही मॉडेलांत कंपाउंड फक्त नावाला असतं, तेवढं आधी तपासून घ्या. शिवाय तुमच्या मार्गाचा बराचसा भाग नदीकाठचा सपाट असेल, किंवा रिकामे हॉपर परत न्यायचे असतील, तर वाय६बीचा संथपणा कंटाळवाणा वाटू शकतो. तिथे ए घ्या, मीही घेतो.

मागच्या बँकरबाबत, म्हणजे चढावर मदतीला लावलेल्या जादा इंजिनाबाबत, मात्र माझ्या मनात शंका नाही. कर्जतला लावतात तसा इथेही तो मागून ढकलतो, आणि पुढचा ड्रायव्हर कधी जोर काढून घेईल ते त्याला दिसत नाही. तिथे वाय६बीच लावा. पुढे ए ठेवायचं असलं तरी.