नेट फास्ट, तरी पानं उघडेनात: जुन्या डेस्कटॉपवर केलेले बदल आणि काही महिन्यांचा अनुभव

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे. तरीही बाबांच्या डेस्कटॉपवर बँकेची साइट किंवा ई-पेपर उघडायचा म्हणजे नुसतं चक्र फिरत बसायचं. कस्टमर केअरला फोन केला की उत्तर ठरलेलं: "सर, २०० चा प्लॅन घेऊन बघा." प्लॅन तोच ठेवला, पैसे दुसरीकडे घातले. त्याला आता बरेच महिने झाले आणि कॉम्प्युटर रोज वापरात आहे, म्हणून कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही ते सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी मोजून बघा, मगच खर्च करा. आमचा राउटर पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या, आणि मध्ये जुन्या बांधकामाच्या दीड-दीड फुटी दोन भिंती. राउटरशेजारी उभं राहून फोनवर स्पीड टेस्ट केली तर ९० च्या वर. कॉम्प्युटरवर जेमतेम १२. म्हणजे घरापर्यंत नेट नीट येत होतं, अडत होतं ते घरातच. कॉम्प्युटरला लावलेला वायफाय डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यावर चालणारा. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. पेठेत घराला घर लागून. फोनवर वायफायची यादी उघडली की शेजारपाजारची ढीगभर नावं दिसतात, आणि सगळ्यांची गर्दी याच तीन चॅनलवर. वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा वेग चांगला, पण जाड भिंतीपुढे तो हात टेकतो.

म्हणून तापकीर गल्लीतून कॅट ६ ची नेटवर्क केबल आणली आणि दाराच्या चौकटीवरून क्लिपा ठोकत मागे नेली. एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पुढे पोचवणारा डबा, लावा असंही काहींनी सुचवलं होतं, पण तोही त्याच गर्दीतून सिग्नल उचलून परत त्याच गर्दीत सोडणार. जागचा न हलणाऱ्या कॉम्प्युटरला वायरच योग्य, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. स्पीड टेस्टचा आकडा १२ वरून ९४ वर गेला.

आणि तरीही पानं रेंगाळतच होती. क्रोम उघडायलाच अर्धं मिनिट. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू निवांत, नेटवर्क निवांत, मेमरी ९० टक्क्यांवर आणि डिस्क सलग १०० टक्के. खरं दुखणं इथे होतं. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, फक्त ४ जीबी. ती भरली की विंडोज काही माल डिस्कवर काढून ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. आमची हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची. तिच्या वाचणाऱ्या हेडला प्रत्येक वेळी योग्य जागी पोचायला दहाएक मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला फार तर शंभरेक खेपा. इकडे ब्राउझर बारीकसारीक फायली शेकड्यांनी मागत असतो. पान उघडताना कॅबिनेटमधून जो कर्र कर्र आवाज यायचा, तो याच धावपळीचा.

२५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, नवीन घेतली आणि ४ जीबीची डीडीआर३ रॅम सेकंडहँड. दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत. रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी खिशात घेऊन जा. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. विंडोज नव्याने टाकलं, जुनी डिस्क फोटोंसाठी आतच ठेवली. आता क्लिक केल्यावर तीन-चार सेकंदांत क्रोम समोर असतो. गुरुवारी लाइट जाऊन आली की बाबा पूर्वी कॉम्प्युटर सुरू करून चहा करायला जायचे, आता बसल्या जागी सुरू होतो. इतक्या महिन्यांत हा वेग जराही उतरलेला नाही.

त्रास झाला तो केबलचा. केर काढताना ती ओढली जायची आणि जॅकवरची प्लॅस्टिकची जीभ तुटली. जॅक दिसायला जागेवर, पण आत सैल, नेट यायचं-जायचं. नवा जॅक दाबून बसवून (क्रिंप करून) घेतला आणि केबल टेबलाच्या पायाला बांधली, तेव्हापासून तक्रार नाही.

ब्राउझरमध्ये सर्वांत मोठा फरक पडला तो जाहिराती अडवल्याने. बातमी वाचता वाचता मध्येच जाहिरात उगवते आणि ओळ खाली सरकते, हा वयस्कर माणसांना फार त्रास आहे. बाबांना फायरफॉक्स आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन लावून दिलं. क्रोममध्ये आता युब्लॉकची 'लाइट', म्हणजे हलकी आवृत्तीच चालते. कुठलं पान किंवा एक्स्टेंशन मेमरी खातंय ते क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबून कळतं. तिथे कुपनवालं एक एक्स्टेंशन सापडलं, ते काढलं.

डीएनएस बदला, असा सल्ला सगळे देतात. इंटरनेट कंपनीच्या डीएनएसऐवजी क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१ लावलंय, ठेवलंही आहे, पण वेगात डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. साइटच्या नावावरून पत्ता शोधण्यापुरतंच त्याचं काम. कंपनीचं डीएनएस बंद पडलं तेव्हा मात्र आमचं नेट चालू राहिलं. आणि ब्राउझरचा कॅशे, म्हणजे त्याने साठवलेल्या फायली, रोज साफ करू नका. त्या गेल्या की प्रत्येक पान पुन्हा पहिल्यापासून उतरवावं लागतं.

एक गोष्ट या खर्चाने सुटत नाही. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आय३, त्यामुळे विंडोज ११ च्या अटींत तो बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बँकेचे व्यवहार होतात त्या कॉम्प्युटरवर हे दुर्लक्षून चालणार नाही. वाढीव सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, ते घेतले आहेत. पुढची तयारी म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम चालवून बाबांना दाखवलं. "बँक आणि ई-पेपर उघडतोय ना, मग मला काय," म्हणाले. प्रिंटर लगेच चालला. स्कॅनर अजून तपासायचा आहे; तोही चालला की एसएसडीवर मिंटच टाकणार.