टेक्ससमध्ये डिअर लीज घेताय? माझे २,९१५ डॉलर कसे गेले ते आधी वाचा

लिहायला लाज वाटतेय, पण पुढच्या सीझनसाठी आपलीच दोन-तीन पोरं डिअर लीज (सीझनभर हरणाच्या शिकारीसाठी भाड्याने घ्यायची जमीन) शोधतायत असं कळलं म्हणून लिहितोय. "शिकार कशाला करायची" हा वाद आत्ता नको. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, त्यामुळे घरच्या कुणाला विचारावं तर कुणाला काही माहीत नाही, आणि टेक्ससमध्ये जवळजवळ सगळी जमीन खाजगी, म्हणजे पैसे भरून कुणाच्या तरी रँचवरच जायचं.

आम्ही तिघे. हिल कंट्रीत ४१० एकर, पर गन, म्हणजे माणशी, २,४०० डॉलर, अर्धे ऑगस्टमध्ये अर्धे ऑक्टोबरमध्ये. ॲडव्हान्स घेऊन गायब होणारे तुम्हाला माहितीच आहेत, पण आम्हाला लीज देणारा हा माणूस त्यातला वाटलाच नाही हो! स्वतःला लीज कॅप्टन म्हणायचा, आम्हाला रँचवर फिरवलं, ब्लाइंड (लपून बसायच्या खोपट्या) दाखवले आणि दोन पानी नियम हातात दिले. काय नियम होते! माणशी एकच बक (नर हरीण), कोण कुठल्या ब्लाइंडला बसणार ते आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून, हरणांना ओढायला टाकायच्या मक्याचा खर्च सारखा वाटून, गेस्ट आणला तर दिवसाला ७५ डॉलर आणि सीझन सुरू व्हायच्या आधी गेस्ट अजिबात नाही. गणपतीच्या वर्गणीचा हिशोब पण एवढा चोख नसतो. आम्ही त्या नियमांवर तासभर चर्चा केली, जमीन कुणाची हे मात्र तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. काउंटीच्या (तिथला जिल्हा) अप्रेझल साइटवर, म्हणजे मालमत्ता करासाठी जमिनींची नोंद असते तिथे, मालकाचं नाव फुकट दिसतं, दोन मिनिटांचं काम. बघा, प्लीज बघा.

आणि आता ते, जे आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. सप्टेंबरमध्ये मी माझा फीडर, म्हणजे टायमरवर आपोआप मका टाकणारं यंत्र (३८९ डॉलर), आणि मक्याच्या १२ पिशव्या (१२६ डॉलर) घेऊन गेलो तर आमच्याच ब्लाइंडपाशी दोघे अनोळखी लोक मका ओतत होते. कॅप्टन म्हणाला, गेस्ट आहेत. अरे, गेस्टला सीझनआधी बंदी, तुझाच नियम, कागद माझ्या खिशात! आणि मी काय केलं, तर त्यांना हात दाखवून हॅलो म्हणालो. "तुम्ही किती भरले?" एवढं विचारलं असतं तरी पुढचे १,२०० वाचले असते, ते मी त्यानंतर तीन आठवड्यांनी भरले.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार, पहाटे साडेचार. गेटचं कुलूप बदललेलं, बाहेर आम्ही धरून अकरा जण. मालक आला, म्हणाला कॅप्टनचं लीज फक्त चार बंदुकांचं होतं, पोटभाड्याची परवानगी नव्हती, ही सगळी वर्दळ बघून मागच्या महिन्यातच रद्द केलं. कुंपणाच्या झाडांवर जांभळे पट्टे, म्हणजे आत पाऊल टाकलं की ट्रेसपास, त्यात हातात रायफल. गपचूप परत.

शेरीफ ऑफिसचा डेप्युटी म्हणे सिव्हिल मॅटर आहे. अकरा जणांचे मिळून २६,४०० डॉलर, सिव्हिल मॅटर! तक्रार लिहून घेतली ती पण मी तीनदा गेल्यावर, वर मलाच विचारतो की पावती का नाही घेतली. बँक म्हणाली तुम्ही स्वतः ट्रान्सफर केलेत, आम्ही काही करू शकत नाही. मग जस्टिस कोर्ट, तिथे २०,००० पर्यंतचे दावे चालतात, वकील लागत नाही वगैरे सगळं खरं, पण समन्स द्यायला पत्ता हवा आणि कॅप्टन भाड्याचं घर सोडून गेलेला. कागद तसाच परत आला, फी गेली ती गेलीच. नवा पत्ता आम्हीच शोधायचा म्हणे. आम्ही काय डिटेक्टिव्ह आहोत?

चेक मालकाच्या नावाने द्या, कॅप्टनच्या नाही. शिकारीसाठी जमीन भाड्याने देणाऱ्याला राज्याचं हंटिंग लीज लायसन्स लागतं, ते दाखव म्हणा. आणि एकूण किती बंदुका हा आकडा मालकाच्या सहीच्या कागदावर पाहिजे, नियम बियम त्यानंतर.

फीडर अजून आतच आहे. मालक म्हणाला सीझन संपल्यावर घेऊन जा. टायमर मीच लावलाय, सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी पाच.