तिसऱ्या टप्प्यातली अरुंद वाट : ‘स्केअरी मेझ’ या जुन्या खेळाचे परीक्षण

‘द मेझ’ या नावाने तयार झालेला आणि पुढे ‘स्केअरी मेझ गेम’ म्हणून जगभर ओळखला गेलेला, फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारा छोटा खेळ मी गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा खेळले. जेरेमी विंटररौड यांनी तो २००३-०४ च्या सुमारास बनवला. त्यानंतर काही वर्षे ईमेलच्या फॉरवर्डमधून, मित्रांच्या आग्रहातून आणि मावस-चुलत भावंडांच्या खोड्यांमधून तो इतक्या संगणकांवर पोहोचला की, इंटरनेटवरच्या दचकवणाऱ्या खोड्यांची गोष्ट निघाली की आजही पहिले नाव त्याचेच घेतले जाते. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतल्यावर मूळ फाइल साध्या ब्राउझरमध्ये चालेनाशी झाली, पण त्याच धर्तीवर बनवलेल्या नकला सहज सापडतात आणि त्या फोनवरही चालतात.

खेळ म्हणून त्यात फारसे काही नाही. एक निळा ठिपका माऊसने धरून, भिंतीला लागू न देता, वाटेच्या शेवटापर्यंत न्यायचा. लागला की पुन्हा आरंभापासून. पहिला टप्पा कोणालाही जमेल इतका सोपा आहे. दुसऱ्यात वळणे वाढतात, तरी हात बसलेला असल्यामुळे तोही पार होतो आणि खेळणाऱ्याला स्वतःविषयी थोडा विश्वास वाटू लागतो. तिसऱ्या टप्प्यात वाट शेवटाकडे इतकी निमुळती होते की ठिपका जेमतेम मावतो. त्या ठिकाणी माणूस नकळत श्वास रोखतो, खुर्ची पुढे ओढतो आणि चेहरा पडद्याच्या जवळ नेतो. नेमक्या त्याच क्षणी पडदाभर एक विद्रूप चेहरा उमटतो आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी सुरू होते. तो चेहरा १९७३ च्या ‘द एक्सॉर्सिस्ट’ या चित्रपटातील झपाटलेल्या मुलीचा आहे.

रचनेच्या दृष्टीने पाहिले तर या खेळाचे कसब त्या चेहऱ्यात नाही, कारण चेहरा उसना आहे आणि किंकाळी कुठूनही आणता आली असती. कसब आहे ते वाट अरुंद करत नेण्यात. दारामागे लपून ‘भॉ’ करणाऱ्या मुलाला समोरचा माणूस कधी जवळ येईल याची वाट पाहावी लागते. इथे माणूस स्वतःच्या पायांनी चालत जवळ येतो, आवाज ऐकण्यासाठी हेडफोन लावतो आणि डोळे पडद्यावरून हलू देत नाही. भीतीसाठी लागणारी शांतता, एकाग्रता आणि जवळीक ही तिन्ही खेळणाऱ्याकडूनच गोळा केली जाते. अचानक आदळलेल्या मोठ्या आवाजाला शरीर जे उत्तर देते ते मेंदूच्या देठातून येते. पापण्या साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत मिटतात आणि काय घडले हे कळायच्या आधीच खांदे आक्रसलेले असतात. त्यामुळे धीट माणूसही यातून सुटत नाही, आणि ‘एवढ्याला काय घाबरायचे’ हे म्हणणे दचकलेल्या माणसावर अन्याय करणारे आहे.

याच काळात, २००४ मध्ये, के-फी या जर्मन कॉफी पेयाच्या जाहिराती आल्या होत्या. हिरव्या टेकड्यांमधून वळणे घेत जाणारी एक गाडी, संथ संगीत, आणि डोळे त्या दृश्यात विसावले असताना एकाएकी पुढ्यात उसळणारा भेसूर चेहरा. त्यानंतर ‘तू इतका जागा कधीच नव्हतास’ अशा अर्थाचे वाक्य. टीव्हीसाठी बनलेली ती चित्रफीत पुढे इंटरनेटवर ‘गाडी नीट पाहा, तिच्याभोवती धुके दिसेल’ अशा बतावण्यांसह फिरली. दोन्हींची युक्ती एकच असली तरी माझ्या मते जाहिरात मेझपेक्षा सौम्य आहे, कारण तिथे माणूस फक्त पाहत असतो. मेझमध्ये तो मेहनत करत असतो, आणि ती मेहनत फळाला येणार असे वाटत असतानाच त्याला फटका बसतो.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. २००८ साली माझी मावशी संगणक शिकत होती. मुलगा परदेशी गेलेला, त्याच्याशी बोलता यावे म्हणून तिने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माऊस हातात घेतला होता, आणि तो तिच्या हातात थरथरत असे. मी तिला म्हटले, “मावशी, हा खेळ खेळून बघ, हात बसेल तुझा.” माझ्यावर विश्वास ठेवून ती बसली. पहिला टप्पा पार झाल्यावर वळून म्हणाली, “बघ, जमलं की गं मला!” दुसरा टप्पा तिने चार-पाच प्रयत्नांत पूर्ण केला. तिसऱ्यात तिने चष्मा नाकावर वर सारला आणि मान पुढे केली. पुढे जे व्हायचे ते झाले. ती ओरडली नाही. तिचा हात माऊसवर तसाच राहिला आणि टेबलाच्या कडेवर बांगड्या वाजत राहिल्या. आम्ही दोघी-तिघी मागे उभ्या राहून हसत होतो. तिने हेडफोन काढून ठेवला, पदराने चष्मा पुसला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. त्यानंतर कित्येक महिने ती संगणकासमोर बसली नाही. मुलाचा फोन आला की आम्हीच सगळे जोडून द्यायचो.

म्हणूनच या खेळाविषयी माझे पहिले निरीक्षण असे आहे की तो अनोळखी माणसाच्या हातून नीट चालत नाही. अनोळखी पत्त्यावरून आलेल्या दुव्यावर आपण सावध असतो; पडद्याजवळ चेहरा नेतो तो आपल्या माणसाने सांगितले म्हणून. एका माणसावर हा खेळ एकदाच चालतो, त्यामुळे पसरण्यासाठी त्याला दरवेळी नवा माणूस आणि त्या माणसाचा विश्वास असलेला कोणीतरी लागतो. जो दचकतो तोच पुढच्याला पाठवतो. २००५ मध्ये यूट्यूब आल्यानंतर खुर्चीमागे कॅमेरा घेऊन उभा राहणारा तिसरा माणूसही त्यात आला, आणि खेळाचा खरा प्रेक्षक तोच झाला. त्या चित्रफितींमध्ये रडत उठून जाणारी लहान मुले दिसतात, आणि त्यांच्या मागून येणारा मोठ्यांचा हसण्याचा आवाज ऐकू येतो. मला त्या आता पाहवत नाहीत.

दचकवण्याच्या कलेला माझा विरोध नाही. ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ हा स्कॉट कॉथन यांचा २०१४ चा खेळ पूर्णपणे दचकण्यावर उभा आहे आणि मी तो आवडीने खेळले आहे, कारण तिथे काय पदरात पडणार हे माहीत असूनच खेळणारा रात्रीच्या पहाऱ्यावर बसतो. कॅमेरे तपासण्यात आणि दारे बंद करण्यात वीज संपत जाते, त्यामुळे भीती टाळण्याचा थोडा तरी उपाय त्याच्या हाती असतो. मेझमध्ये असा उपाय नाही. जो उत्तम खेळतो तोच ठरलेल्या जागी पोहोचतो.

ज्यांना इंटरनेटच्या त्या काळाविषयी कुतूहल आहे त्यांनी हा खेळ स्वतः, ठाऊक असताना, आवाज कमी करून जरूर खेळून पाहावा. वाटेची मांडणी अभ्यासण्यासारखी आहे. दुसऱ्याला न सांगता तो देऊ नये, आणि हेडफोन लावून तर मुळीच नाही. लाँग क्यूटी सिंड्रोम नावाच्या जन्मजात हृदयविकाराच्या एका प्रकारात गजराच्या घड्याळासारखा अचानक आलेला आवाजही हृदयाची लय बिघडवू शकतो, आणि असा विकार असल्याचे कित्येकदा त्या माणसालाच ठाऊक नसते. लहान मुलांच्या हाती तो देऊच नये.

मावशीला मी परवा सांगितले की मी त्या खेळाविषयी लिहिते आहे. तिला सगळे लख्ख आठवत होते. तिने विचारले, “त्या वाटेच्या शेवटी होतं तरी काय गं?” मी तिला सांगितले की शेवटापर्यंत कोणाला पोहोचू द्यायचेच नाही अशीच ती वाट आखलेली आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे माझा हात चुकला नव्हता तर.”