दोनशे लिटरच्या सोलरमध्ये निघालं एकशे चाळीस लिटर

आम्ही यावल तालुक्यातले. बोअरच्या पाण्याला क्षार फार, गीझरची कॉइल वर्षभरही टिकत नाही. म्हणून दिवाळीच्या आधी पाणी तापवणारं दोनशे लिटरचं सोलर बसवायचं ठरवलं. विक्रेता घरी आला, आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "नाना, तुमच्या पाण्याला तांब्याच्या नळ्यांचं सपाट सोलर घेऊ नका, क्षाराने नळ्या बुजतात. काचेच्या नळ्यांचंच घ्या." हे त्याचं बोलणं खरं होतं. त्यामुळे पुढचंही सगळं खरं वाटलं.

"अडतीस हजार भरा, सबसिडीचे बारा हजार दोन महिन्यांत खात्यात येतील." त्याने मोबाइलवर पीएम सूर्यघर योजनेची जाहिरात दाखवली, आधार, लाइट बिल, पासबुक यांच्या झेरॉक्स नेल्या. ती योजना २०२४ ची आहे आणि छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरवरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. हे मला नंतर कळलं. वीस हजार मी फोनवरून पाठवले, अठरा हजार रोख दिले. बिल मागितलं तर "सबसिडीसोबत येईल" म्हणाला.

पहिला महिना पाणी बरं तापलं. त्याच महिन्यात मी मोठी चूक केली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुलींचं एक वसतिगृह आहे, मी त्याच्या समितीवर आहे. साठ मुली, पाणी लाकडांवर तापायचं. "माझ्याकडे बसवलंय, चांगलं चालतंय," असं मीच बैठकीत सांगितलं. माझ्या शब्दावर तिथे पाच सोलर बसले.

जानेवारीत एका पहाटे आई न्हाणीतून ओरडली, "पानी थंडगार शे, भाऊ!" त्याच आठवड्यात वसतिगृहाच्या ताईंचा फोन आला, शेवटच्या वीसेक मुली गार पाण्याने अंघोळ करतात म्हणून.

ओळखीच्या प्लंबरला गच्चीवर नेलं. त्याने टाकीचं पाणी पंधरा लिटरच्या बादल्यांत काढलं. नऊ बादल्या भरल्या, दहावी अर्धीही झाली नाही. वीस नळ्या, एकेका नळीत पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी मावतं. ते पन्नास-पंचावन्न लिटर टाकीत मोजून दोनशेचा आकडा केला होता. नळ्यांतलं पाणी तर नळाला येतच नाही. आपल्याकडे नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं, ते पाइप वाचवण्यासाठी पश्चिमेला केलेलं. वर जिन्याच्या खोलीची सावली अकरापर्यंत. आणि कोटेशनवर 'स्टेनलेस स्टील ३०४' लिहिलेल्या आतल्या टाकीला प्लंबरने लोहचुंबक लावलं, तर ते घट्ट चिकटलं; खऱ्या ३०४ ला ते असं चिकटत नाही. वसतिगृहातल्या पाचही टाक्या तशाच निघाल्या.

विक्रेता आधी "ढगाळ हवा आहे, नाना" म्हणायचा, नंतर फोन उचलेनासा झाला. दिलेल्या पत्त्यावर आता मोबाइल रिचार्जचं दुकान आहे.

घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, कोटेशनवर टाकीची क्षमता नळ्या वगळून लिहून घ्या. बसवल्या दिवशीच बादल्यांनी मोजा आणि लोहचुंबक लावून बघा. जीएसटीचं पक्कं बिल हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. सबसिडीचं नाव निघालं तर योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा, विक्रेत्याच्या मोबाइलवर नको.

फसलेल्यांनी गप्प बसू नये. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. माझी तक्रार दाखल आहे. फोनवरून पाठवलेल्या वीस हजारांचा पुरावा आहे, रोख अठरा हजारांचा काहीच नाही. वसतिगृहाने पोलिसांत अर्ज दिला आहे. तिथे पुन्हा लाकडांवरच बंब पेटतो, आणि त्या लाकडांचा खर्च या हिवाळ्यापासून मी देतो आहे.