गुआ शा दगड : सात महिने वापरून (आणि शेवटी फोडून)

तर दगड फुटला. म्हणून हा रिव्ह्यू, नाहीतर मी काही लिहीत बसणार नव्हते. मंगळवारी रात्री मानेवर फिरवत होते, हाताला खोबरेल, दगडाला खोबरेल, सटकला आणि बाथरूमच्या लादीवर पडून दोन तुकडे. ३८ डॉलरचा दगड हो! सिंगापूरचे डॉलर, पण झाले ना अडीच हजार रुपये. इथे येऊन अकरा वर्षं झाली तरी मी मनात रुपयातच मोजते आणि प्रत्येक वेळी हळहळते.

गुआ शा काय ते माहीतच असेल, रील्समध्ये बायका हृदयाच्या आकाराचा गुलाबी दगड गालावर फिरवत असतात ना, ते. पण ते चेहऱ्याचं लाडाचं प्रकरण वेगळं. मी दोन महिने रोज रात्री ते पण केलं, सकाळी डोळ्याखालची सूज जरा उतरते, जॉलाईन वगैरे काही येत नाही, जी होती तीच आहे. विषय संपला.

खरं गुआ शा पाठीचं आणि मानेचं. माझं काम अकाउंट्सचं, वर्षअखेरीला उजव्या खांद्यात अशी उसण भरली की मान वळवायची तर कमरेपासून वळावं लागायचं. लिफ्टमध्ये शेजारच्या आँटीने बघितलं आणि संध्याकाळी दारात हजर, हातात चिनी मातीचा सूप प्यायचा चमचा. मला वाटलं सूप आणलंय. सूप कुठलं, मला स्टुलावर उलटं बसवलं, मानेला तेल चोपडलं आणि त्या चमच्याच्या कडेने मानेपासून खांद्यापर्यंत वरून खाली ओढायला सुरुवात केली, एकाच दिशेने, मागेपुढे घासायचं नाही. आठ-दहा ओढींत लाल ठिपके उठले. त्या ठिपक्यांनाच 'शा' म्हणतात आणि गुआ म्हणजे खरवडणे. (आँटी ग्वा शा म्हणतात.) दुखलं का? दुधाचं पातेलं खरवडताना पातेल्याला जेवढं दुखत असेल तेवढं. पण त्या रात्री मी मान वळवून झोपले, आणि तिथेच मी फसले, कारण दुसऱ्या दिवशी तो दगड मागवला. आँटींना दाखवला तर म्हणाल्या, "आय्या, वेस्ट मनी लाह." ऐकायला हवं होतं.

आता दगडाबद्दल, कारण माझा सगळा राग त्याच्यावर आहे. कुठल्या शहाण्याने ही वस्तू डिझाईन केली? वापरायची तेल लावून, आणि पकडायला काही नाही! ना खाच, ना मूठ, ना दोरी ओवायला भोक. नुसता गुळगुळीत मासा. सात महिन्यांत माझ्या हातून तो निदान वीस वेळा सटकला असेल, गादीवर पडायचा म्हणून वाचायचा. मी एकदा त्याला रबरबँड गुंडाळून बघितलं तर रबराचे वळ पाठीवर. नवरा म्हणाला आधी हात पुसून घे. अरे पण तेलाचं काम आहे, हात पुसून कसं करणार!

पाठीचं नवऱ्याकडून करून घेते. त्याला शिकवायला महिना गेला. दगड उभा धरायचा नाही, कातडीला जवळजवळ आडवा टेकवून ओढायचा, उभा धरला की ओरखडतो. मणक्याच्या हाडावर नाही, दोन्ही बाजूंनी. तीळ, पुटकुळी, जखम असेल ती जागा सोडायची. आणि आधीचे ठिपके पूर्ण गेल्याशिवाय तिथे परत हात लावायचा नाही, मला जायला चार-पाच दिवस लागतात. झाल्यावर आँटींच्या मते लगेच आंघोळ नाही, एसी नाही, गरम पाणी प्यायचं, अंगात वारं शिरतं. आमच्या आजीने पण बाळंतिणीचे कान बांधताना हेच सांगितलं असतं, म्हणून मी वाद घातला नाही. ऑफिसातली इंडोनेशियन मैत्रीण सांगत होती त्यांच्याकडे पण हेच, नाण्याने करतात, केरोकान म्हणतात, आणि कारण काय तर मासुक आंगिन, म्हणजे वारं शिरलं! आशिया सगळा वाऱ्याला घाबरतो.

वळांचं मात्र आधी सांगून ठेवा घरी. मी नाही सांगितलं. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी मान बघितली, नवरा उठून जाईपर्यंत थांबल्या आणि हळूच विचारलं, "खरं सांग हं, आमचा बाब्या हात उचलतो का गं?" बाब्या तेव्हा आत भांडी घासत होता.

काम करतं का? माझ्यापुरतं हो, तीन दिवस. मग उसण हळूहळू परत येते, कारण खुर्ची तीच आणि मॉनिटर तोच. थोडं वाचलं पण. जर्मनीतली एक ट्रायल आहे २०११ सालची, जुनाट मानदुखीचे ४८ पेशंट, काहींना एकदा गुआ शा आणि बाकीच्यांना शेकायचं पॅड. आठवड्याने गुआ शावाल्यांचं दुखणं जास्त कमी होतं. पण बघितलंच आठवडाभर, पुढचं काय! त्याआधी २००७ मध्ये ११ धडधाकट लोकांवर मोजलं होतं, कातडीखालचा रक्तप्रवाह पहिली साडेसात मिनिटं चौपट झाला. मला खांदा गरम लागतो तो त्याचाच असणार. 'टॉक्सिन्स बाहेर पडतात' म्हणणाऱ्यांना मात्र नमस्कार. ते ठिपके म्हणजे फुटलेल्या बारीक केशवाहिन्यांतलं रक्त आहे, बाहेर काही पडत नाही.

अपडेट, चार दिवसांनी. विक्रेत्याचं उत्तर आलं : नैसर्गिक दगड आहे, फुटला तर बदलून मिळणार नाही. ठीक. पण लिस्टिंगवर 'अस्सल जेड' लिहिलेलं, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. खरं नेफ्राइट जेड (जेडचा एक प्रकार) आतून धाग्यांसारखं गुंतलेलं असतं, पूर्वी त्याच्या कुऱ्हाडी करायचे, ते असं बिस्किटासारखं तुटत नाही. फुटलेल्या तुकड्यावर भाजीची सुरी ओढली, पांढरी रेघ उमटली. जेडवर सुरीने चरा पडत नाही. आँटींनी तुकडा उजेडात धरला आणि म्हणाल्या शिउयान, म्हणजे चीनमधल्या लिआओनिंगकडचा सर्पेंटाइन, मऊ आणि स्वस्त दगड. तक्रार करू म्हटलं तर तिथेही पंचाईत, चिनी भाषेत जेडला 'यू' म्हणतात आणि त्या शब्दात हे सगळेच दगड बसतात. मग मला राग आला तो स्वतःचाच, आणि वर पाच स्टार दिले होते मी पहिल्या आठवड्यात! आता दोन. एक कापला दगडाबद्दल, दोन कापले मूठ नाही म्हणून.

अजून एक. आई आली होती कोल्हापूरहून, तिला पण करून घ्यायचं होतं. आँटींनी चमचा खाली ठेवून आधी विचारलं रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का. चालू होती. सरळ नाही म्हणाल्या. आई जरा खट्टू झाली, मग बॅगेतून काशाची वाटी काढली आणि तळपायाला तूप लावून आँटींनाच घासून दिलं. वाटीला वरून मूठ धरता येते. बघा, आपल्याकडे ही अक्कल होती.

सध्या मी चमचा वापरते, १ डॉलर ८० सेंट, दांडा आहे, सटकत नाही, कडा दगडापेक्षा गुळगुळीत. घेताना कडेवरून बोट फिरवून टवका नाही ना बघा. एकमेकांचा वापरू नका, रक्ताचा मामला आहे, धुऊन वेगळा ठेवा. माझा मी वेगळा ठेवला होता, काल नवऱ्याने त्यानेच आमटी वाढली. आता दांड्याला लाल नेलपॉलिश लावलंय.