सुट्टीतल्या लॅपटॉपसाठी केबल लॉक: घेण्याआधी खाच मोजा

सुट्टीला जाताना लॅपटॉप बरोबर न्यायचाच असेल तर केबल लॉक जरूर घ्या, म्हणजे लॅपटॉप एखाद्या घट्ट वस्तूला बांधून ठेवणारी तार आणि तिच्या टोकाचं कुलूप. गुंडाळलं की हातात मावतं, बॅगेत जागा खात नाही आणि बांधायला अर्धं मिनिट लागतं. अडचण होते ती दोन ठिकाणी. एक तर कुलूप आपल्या लॅपटॉपच्या खाचेत बसत नाही, नाहीतर बसतं पण खोलीत ते अडकवायला धड जागा सापडत नाही. केबल किती जाड आणि कुलूप किती चकचकीत, ह्याकडे दुकानात सगळं लक्ष जातं. खरा कस लागतो तो केबलच्या दोन टोकांचा.

आधी हे कुलूप कशासाठी आहे ते नीट समजून घ्यावं. बोल्ट कटर, म्हणजे जाड तार कापायची लांब दांड्यांची कात्री, घेऊन आलेल्या माणसाला ते थांबवू शकत नाही. बाजारातली जवळपास कुठलीही लॅपटॉप केबल बोल्ट कटरने काही सेकंदांत तुटते. पण सुट्टीत लॅपटॉप जातो तो बहुतेक वेळा भुरट्या चोरीत. खोलीचं दार उघडं राहिलेलं असतं, कॅफेत आपण काउंटरवर गेलेलो असतो, हॉस्टेलच्या सामायिक टेबलावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कुणीतरी सहज उचलून नेतं. असा चोर अवजार घेऊन फिरत नाही, आणि वस्तू एका झटक्यात हातात आली नाही तर पुढे सरकतो. त्याच्यासाठी केबल लॉक पुरेसं आहे, आणि तेवढ्यासाठीच ते घ्यायचं.

आता खाच. लॅपटॉपच्या कडेला, बहुतेक वेळा बिजागरीच्या जवळ, एक छोटी आयताकृती खाच असते आणि शेजारी कुलपाचं चित्र कोरलेलं असतं. ह्या खाचा दिसायला सारख्या, पण प्रकार तीन. जुनी केन्सिंग्टन खाच (केन्सिंग्टन हे अशी कुलपं बनवणाऱ्या कंपनीचं नाव) साधारण ७ × ३ मिलिमीटरची. पातळ लॅपटॉपसाठी पुढे आलेली नॅनो खाच ६ × २.५ मिलिमीटर. तिसरी वेज खाच, साधारण ४.५ × ३.२ मिलिमीटर, जी डेलच्या बऱ्याच मॉडेल्सना असते. एका प्रकारचं कुलूप दुसऱ्यात बसत नाही. ७ आणि ६ मधला फरक नुसत्या डोळ्यांनी कळणं कठीण, म्हणून मिलिमीटरची पट्टी लावून मोजा आणि मॉडेलच्या माहितीपत्रकात सिक्युरिटी स्लॉटचं नाव बघून खात्री करा. नुसतं ‘सर्व लॅपटॉपसाठी’ असं छापलेल्या पाकिटावर विसंबू नका. तिन्ही प्रकारची डोकी बदलता येणारी कुलपंही मिळतात. घरात वेगवेगळ्या कंपन्यांचे लॅपटॉप असतील तर तीच घ्यावीत, मात्र योग्य डोकं घरीच बसवून मगच बॅगेत टाका. ते सुटे भाग प्रवासात हमखास हरवतात.

जुन्या पद्धतीच्या कुलपाची रचना एकदा हातात घेऊन जवळून बघण्यासारखी आहे. तोंडाशी एक छोटी टी आकाराची दांडी असते. ती खाचेत सरळ जाते, किल्ली फिरवली की आतल्या आत ९० अंश वळते आणि खाचेच्या कडांमागे आडवी अडकते. दांडीच्या दोन बाजूंच्या पिना खाचेतच राहतात, त्यामुळे कुलपाचं डोकं बाहेरून पिळून दांडी पुन्हा सरळ करता येत नाही. सगळा भार ह्या एवढ्याशा दांडीवर आणि खाचेच्या पातळ कडेवर येतो. म्हणूनच बसवल्यावर डोकं डगमगत असेल तर दुर्लक्ष करू नका. त्या फटीमुळे डोकं तिरकं करून उचकटायला जोर मिळतो. काही कुलपांबरोबर रबरी वायसर येतो, तो ही फट भरायलाच असतो. तो लावा, फेकून देऊ नका.

खाच लॅपटॉपच्या कुठल्या भागात आहे तेही बघा. प्लास्टिकच्या खालच्या झाकणात असेल तर जोराच्या हिसक्याने ती फाटते. फाटलेल्या खाचेचा लॅपटॉप विकताना चोराला कमी किंमत येते खरी, पण लॅपटॉप जातोच. खाच आतल्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेली असेल तर ती कितीतरी जास्त ताण सहन करते. आणखी एक गोष्ट पाकिटावर कधीच लिहिलेली नसते: खाचेच्या शेजारी काय आहे. जाडजूड डोक्याचं कुलूप लावलं की बाजूचं चार्जिंगचं किंवा यूएसबीचं पोर्ट झाकलं जातं. पातळ लॅपटॉपला मोठं डोकं लावलं तर तो टेबलावरून एका बाजूने उचलला जाऊन डुगडुगतो. अशा लॅपटॉपसाठी बारीक डोक्याचं, मान सगळीकडे फिरणारं मॉडेलच घ्यावं.

काही लॅपटॉपना खाचच नसते. मॅकबुक एअरला ती कधीच नव्हती आणि २०१२च्या रेटिना डिस्प्लेपासून मॅकबुक प्रोवरूनही ती गेली. इथे दोन पर्याय उरतात. एक म्हणजे मॉडेलच्या मापाचं ब्रॅकेट, जे तळाला किंवा बिजागरीपाशी घट्ट बसतं. दुसरा म्हणजे चिकटवायची धातूची चकती, जिच्यात खाच असते. चकती चालते, पण ती घाईघाईत लावायची वस्तू नाही. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, चकती जोर देऊन दाबून धरा आणि किमान २४ तास तिच्यावर ताण येऊ देऊ नका. निघायच्या आदल्या रात्री चिकटवली तर पहिल्याच हिसक्यात ती निघण्याची शक्यता असते. हवा बाहेर जाण्याच्या जाळीजवळ किंवा जिथे लॅपटॉप तापतो तिथे लावू नका, उष्णतेने गोंद मऊ पडतो. खडबडीत रंगाच्या किंवा कापडी आवरणाच्या लॅपटॉपवर ती नीट धरत नाही, तिथे ब्रॅकेटच बरं.

केबलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आत पीळ दिलेली पोलादी तार, वर प्लास्टिकचं आवरण, लांबी साधारण १.८ मीटर. जाडी बाहेरून मोजू नका, आवरण जाड आणि तार बारीक असंही असतं. गुंडाळी होणारी, टेलिफोनच्या वायरसारखी केबल बॅगेत बरी पडते, पण ताणली की सतत मागे ओढते आणि हलका लॅपटॉप टेबलावर सरकतो. प्रवासाला साधी सरळ केबलच चांगली.

किल्ली की आकडे? आकड्यांच्या चार चकत्या असलेल्या कुलपात १०,००० वेगवेगळे आकडे लावता येतात, ऐकायला भरपूर. पण स्वस्त आकडी कुलपांत केबल ताणून धरून एकेक चकती फिरवली तर बरोबर आकड्यावर ती किंचित अडखळते आणि सरावलेला हात काही मिनिटांत कुलूप उघडतो. गोल नळीसारख्या किल्लीच्या कुलपांचाही दोष २००४मध्ये जगजाहीर झाला. सायकलींची अशी कुलपं साध्या प्लास्टिकच्या पेनच्या नळीने उघडता येतात हे तेव्हा समोर आलं, आणि लॅपटॉपच्या स्वस्त कुलपांतही तीच रचना होती. आमची पसंती सपाट किल्लीच्या, आत चकत्या असलेल्या कुलपाला. आकडी कुलूप घ्यायचंच असेल तर घरीच आकडा बदला, कारखान्यातून येणारा ०००० तसाच ठेवू नका, आणि कुलूप लावल्यावर एकच चकती न फिरवता चारही फिरवा.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दुसऱ्या टोकाला. केबलच्या त्या टोकाला फासा, म्हणजे तारेचाच वळवलेला पक्का गोल, असतो. केबल एखाद्या घट्ट वस्तूभोवती फिरवायची, कुलपाचं डोकं फाशातून ओवायचं आणि मग लॅपटॉपला लावायचं. वस्तू खरंच घट्ट आहे का, हे तीन हालचालींनी कळतं: ती उचलून बघा, ओढून बघा, आणि तिचा कुठला भाग हाताने उघडता येतो का ते बघा. टेबलाचा सुटा पाय ह्या परीक्षेत नापास होतो, कारण टेबल एका बाजूने दोन इंच उचललं की फासा खालून निघून येतो. टेबलाच्या दोन पायांना जोडणारी आडवी पट्टी असेल तर केबल पट्टीच्या वरून घ्या, मग ती खाली घसरत नाही. कपाटातली कपडे टांगायची दांडी नुसती खोबणीत टेकवलेली असते, वर उचलली की हातात येते. ड्रॉवरची मूठ दोन स्क्रूवर असते. खुर्ची तर चोर लॅपटॉपसकट घेऊन जाईल. चांगली जागा म्हणजे पलंगाची वेल्डिंग केलेली लोखंडी चौकट, भिंतीत पक्का बसवलेला टेबलाचा आधार किंवा खिडकीची ग्रिल. पाण्याच्या आणि गॅसच्या पाइपला केबल बांधू नका. हिसका बसला तर पाइपचा सांधा सैल होतो आणि नुकसान लॅपटॉपपेक्षा मोठं होतं.

केबल जाण्यायेण्याच्या वाटेत लोंबकळू देऊ नका. पाय अडकून लॅपटॉप टेबलावरून खाली येणं ही ह्या कुलपाची सगळ्यात वाईट बाजू, आणि लहान मुलं बरोबर असतील तर हा धोका चोरीइतकाच खरा आहे. केबल भिंतीच्या कडेने न्या, उरलेला भाग वेल्क्रो पट्टीने गुंडाळा. लॅपटॉप जागेवरून हलवायचा असेल तर आधी कुलूप काढा. ते लटकत ठेवून उचललं की सगळा भार खाचेवर येतो.

मग खोलीतला लॉकर काय वाईट? काहीच नाही, लॅपटॉप आत मावत असेल तर तो वापरावा. १५.६ इंची लॅपटॉपची रुंदी साधारण ३६ सेंटिमीटर असते आणि बऱ्याच लॉकरमध्ये तेवढी जागा नसते. आधी लॉकर दोन्ही हातांनी ओढून बघा, तो भिंतीला किंवा कपाटाला बोल्टने धरलेला आहे का. विसरलेला आकडा उघडण्यासाठी हॉटेलकडे मास्टर कोड किंवा किल्ली असते, म्हणजे लॉकर फक्त तुमच्याच हातात नाही, हे धरून चाला. आत ठेवताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, नुसतं झाकण मिटू नका. बंद जागेत तो मधेच जागा झाला तर उष्णता बाहेर जायला वाट नसते. समुद्रावर किंवा पोहायला जाताना मात्र बॅगेत लॅपटॉप नेऊच नका, वाळूतल्या बॅगेला कुठलंच कुलूप उपयोगाचं नाही.

केबल लॉक यंत्राला धरून ठेवतं, आतल्या फायलींना नाही. त्यासाठी निघण्याआधी डिस्क एन्क्रिप्शन चालू करा, म्हणजे पासवर्डशिवाय फायली वाचता येत नाहीत: विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, मॅकवर फाइलव्हॉल्ट. बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे डिस्क अडकली तर ती उघडायचा आकडा, ४८ अंकी असते. तिची प्रत लॅपटॉपच्या बॅगेत नको, घरी किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात सुरक्षित ठेवा. लॅपटॉपचा सिरीयल नंबर आणि खरेदीच्या पावतीचा फोटो फोनमध्ये ठेवा, पोलीस तक्रारीला आणि विम्याला तोच मागतात. कॅफेत उठताना केबल लावलेली असली तरी स्क्रीन लॉक करा, विंडोजमध्ये विंडोज की आणि एल, मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू.

कुलपाबरोबर सहसा दोन किल्ल्या येतात आणि किल्लीवर किंवा कार्डावर एक क्रमांक असतो. तो क्रमांक लिहून घरी ठेवा, किल्ली हरवली तर नवी मागवायला तो लागतो. एक किल्ली स्वतःकडे, दुसरी बरोबरच्या माणसाकडे. दोन्ही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवल्या तर कुलूप लावण्यात काही अर्थ राहत नाही. आणि खोली सोडताना पलंगाखाली वाकून बघा, कारण लॅपटॉप काढून घेतल्यावर फासा मात्र चौकटीलाच राहतो.